खाण्याचे विकार आणि 'लोक काय म्हणतील': आम्हाला पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यातले काही पालक महिन्यातून एका शनिवारी कोथरूडमधल्या एका घरी भेटतो. प्रत्येकाच्या घरात कुणाला ना कुणाला खाण्याचा विकार आहे किंवा होऊन गेला आहे. माझी मुलगी अकरावीत असताना आजारी पडली. आज ती नोकरी करते, आणि तिचं वाचून झाल्यावरच हे पान पुढे जातं. आमच्याकडे चिठ्ठ्या येतात, फोन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचाराचं डॉक्टरांनाच विचारा. वजनाचे आणि कॅलरींचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण आजारी मुलं असे आकडे शोधत असतात आणि त्यांच्याशी स्पर्धा लावतात.

१. इटिंग डिसऑर्डर म्हणजे नक्की काय? डाएट आणि हे, यातला फरक कसा ओळखायचा?

हे मानसिक आजार आहेत, पण त्यांचा मार शरीरावरही बसतो. ॲनोरेक्सियात खाणं इतकं कमी होतं की शरीर झिजत जातं, तरी त्या माणसाला आपण जाडच वाटतो. बुलिमियात थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातं आणि मग ते उलटी, उपास किंवा अति व्यायाम करून भरून काढायची धडपड सुरू होते. बिंज इटिंगमध्ये खाणं ताब्यात राहत नाही, पण अशी भरपाई नसते (प्रश्न ६).

फरकाचं म्हणाल तर, डाएट करणारा माणूस लग्नात एखादी जिलबी खातो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. आजारी माणूस त्या लग्नाला जाणंच टाळतो. घरच्यांबरोबर पानावर बसणं बंद होतं, 'मैत्रिणीकडे खाऊन आले' रोजचं होतं, जेवण झालं की लगेच बाथरूम. मे महिन्यातही थंडी वाजते, केस गळतात, पाळी चुकते, आणि हसतं-बोलतं मूल चिडकं, अबोल होतं.

२. आमच्या आजीच्या काळी असलं काही नव्हतं. हे शहरातल्या मुलींचे चोचले नाहीत का?

इंग्लंडमधल्या रिचर्ड मॉर्टन या डॉक्टरने अशा दोन रुग्णांचं वर्णन १६८९ साली छापलं. आपल्याकडे तुळापुरात संभाजी महाराजांची हत्या झाली, तेच हे साल. 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३ मध्ये दिलं. बुलिमियाचं वेगळं वर्णन गेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केलं. तेव्हा कुठला मोबाईल आणि कुठलं इन्स्टाग्राम? आजच्या फोटोंच्या जगाने हा आजार चेतवायला मदत होते हे खरं, पण मूळ तिथे नाही.

आजीच्या काळीही अशा मुली असणार. त्यांच्याबद्दल 'नजर लागली', 'बाहेरचं काहीतरी आहे', 'खाल्लेलं अंगी लागत नाही' असं म्हटलं जायचं, एवढंच. आणि 'चोचले' या शब्दाने सगळ्यात जास्त नुकसान ज्यांच्या घरी पैसा नाही त्यांचं होतं. आमच्याकडे रिक्षा चालवणाऱ्या एका वडिलांनी सांगितलं, की दोन वर्षं ते स्वतःलाच बजावत राहिले: हा मोठ्या लोकांचा आजार, आपल्या पोरीला कसा होईल?

३. ठरवलं तर खाईल ना? दोन घास तोंडात घालायला काय होतं? हा निव्वळ हट्ट आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४–४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने नेहमीच्या निम्म्या जेवणावर ठेवलं. ही माणसं आधी शरीराने आणि मनाने पूर्ण निरोगी होती. हळूहळू त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय काही राहिलं नाही. ती पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, एकेक जेवण ताणून ताणून जेवू लागली, चिडखोर आणि एकलकोंडी झाली. म्हणजे उपासमारच मेंदूला असं करते. ज्याला आपण हट्ट म्हणतो त्यातला बराचसा भाग भुकेनेच तयार केलेला असतो.

माझी मुलगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायची. होळीला तिने एकटीने पुरणपोळ्या केल्या, सगळ्यांना आग्रह करकरून वाढल्या, आणि स्वतः एक तुकडा तोंडात घातला नाही. पाहुणे म्हणाले, "इतकी आवड आहे पोरीला, कसला आजार?" तिला खायचं नव्हतं असं नाही. तिला खायचा धीर होत नव्हता.

४. मुलगी सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी सगळं धरते. श्रद्धेला आजार कसं म्हणू?

श्रद्धेला म्हणू नका. उपास आपल्या घरातली चांगली गोष्ट आहे. पण या आजाराला लपायला याच्याइतकी सोयीची जागा नाही, कारण उपासाला कुणी 'का' विचारत नाही. उलट कौतुक होतं.

म्हणून उपास धरताना काय होतं त्यापेक्षा सोडताना काय होतं ते बघा. श्रद्धेच्या उपासाला सुटायची वेळ असते: संकष्टीला चंद्रोदय, एकादशीला द्वादशीची सकाळ. चंद्र दिसल्यावर मुलगी वरणभाताच्या ताटावर आनंदाने बसते का, की 'आता भूक मेली' म्हणून उठते? आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात. घरात साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याच्या चकत्या असताना ही मुलगी अर्ध्या केळ्यावर दिवस काढते का? घरात कधीच नसलेले उपास एकामागून एक वाढत चाललेत का?

आणखी एक गोष्ट करून बघा. आजारी माणसाने, गरोदर बाईने, लहान मुलाने उपास धरू नये हे आपल्याकडे जुन्या बायकाही सांगतात. रोज्यांमध्येही आजारी माणसाला सूट आहे. तेव्हा मुलगी ज्यांना मानते त्या वडीलधाऱ्यांनी तिला सांगावं, 'या वर्षी तू धरू नकोस.' श्रद्धा असेल तर ती थोडी हिरमुसेल आणि ऐकेल. आजार असेल तर घाबरेल, रडेल, भांडेल.

आमच्या घरी हे माझ्या सासूबाईंनी केलं. सातवी पास बाई. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्यांनी नातीपुढे ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुझा सोमवार मी धरते. देवाला कुणाच्या पोटातून आला ते चालतं. तू जेव." मुलगी तासभर ताटासमोर बसून होती. सासूबाईही उठल्या नाहीत. भात गार झाला, तुपाचा थर धरला, त्यांनी तो पुन्हा गरम करून आणला. तिने तीन घास खाल्ले. डॉक्टरकडे जायला ती तयार झाली ती त्याच आठवड्यात.

५. पण माझी मुलगी अंगाने भरलेली आहे. वजन बघून तरी आजारी वाटत नाही.

वजन बघून कळत नाही. खाण्याचे विकार असलेल्यांत बारीक नसणाऱ्यांचीच संख्या जास्त आहे. जाड माणसाने उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं तरी नाडी मंदावते, रक्तदाब पडतो, पाळी थांबते, अगदी हाडं दिसणाऱ्या मुलीसारखंच. फरक इतकाच, की बारीक मुलीला लोक 'पाप्याचं पितर' म्हणतात आणि हिला 'वा, काय मेहनत घेतलीस' म्हणतात. एका मुलीने आम्हाला लिहिलं होतं की तिच्या आयुष्यात तिचं सगळ्यात जास्त कौतुक झालं ते ती सगळ्यात जास्त आजारी असताना. डॉक्टरांकडे गेलात तर किती वजन आहे यापेक्षा किती महिन्यांत किती उतरलं, ते सांगा.

६. मी रात्री सगळे झोपल्यावर पोट दुखेपर्यंत खाते. हा आजार की हावरटपणा?

हे वारंवार होत असेल, खाताना थांबताच येत नसेल आणि नंतर स्वतःची किळस वाटत असेल, तर आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकात, म्हणजे डीएसएममध्ये, बिंज इटिंगला स्वतंत्र आजाराची जागा २०१३ च्या आवृत्तीत मिळाली. हावरट माणूस चवीने, चारचौघांत खातो. तुम्ही लपून, चव न कळता, डबा उघडल्याचा आवाज होऊ नये म्हणून झाकण हाताने दाबून धरत खाता. यावर 'उद्यापासून कडक डाएट' हा उपाय करू नका. दिवसा उपाशी राहिलं की रात्रीचं खाणं आणखी बळावतं.

७. मुलांना होतो का हो हा आजार? आमचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय.

होतो. प्रश्न २ मधल्या मॉर्टनच्या दोन रुग्णांपैकी एक १६ वर्षांचा मुलगा होता. तरी पुढे ॲनोरेक्सियाच्या व्याख्येतच 'पाळी बंद होणं' घातलं गेलं आणि डीएसएममधून ते थेट २०१३ मध्ये निघालं. इतकी वर्षं व्याख्याच मुलींची असेल, तर मुलाकडे कुणाचं लक्ष जाणार?

मुलांमध्ये हा बऱ्याचदा 'फिटनेस' म्हणून दिसतो. पहाटे टेकडी, संध्याकाळी जिम, ताप असतानाही धावणं, भात-पोळी पूर्ण बंद, उकडलेल्या अंड्यांचे डबे, एक दिवस व्यायाम चुकला तर घर डोक्यावर. भरतीची, एनडीएची तयारी मेहनतीचीच असते, त्यामुळे मेहनत दिसली म्हणून लगेच घाबरू नका. पण प्रशिक्षकाने सांगितलेला विश्रांतीचा दिवस तो घेऊ शकतो का, हे बघा. आणि 'बायकांसारखं काय करतोस' हे वाक्य घरात कुणालाही उच्चारू देऊ नका. आमच्याकडे आलेले मुलगे याच एका वाक्याच्या भीतीने वर्ष-वर्ष गप्प होते.

८. आई म्हणून माझं काय चुकलं?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी आईकडूनच येतो.

गणपतीच्या आधी आवराआवर करताना मला मुलीच्या कपाटात स्वेटरखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पोळ्या सापडल्या. मी मोजल्या, अकरा होत्या. खालच्या वाळून पापडासारख्या झालेल्या, वरच्यांना बुरशी. मी शाळेपासून तिला 'पानात टाकायचं नाही' शिकवलं होतं, आणि तिने खरंच पानात काही टाकलं नव्हतं. मी त्या पोळ्या तिच्यासमोर आपटल्या आणि ओरडले, "अन्नाचा माज आलाय का?" तिचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यानंतर मी आठ महिने सगळ्यांना सांगत राहिले: ॲसिडिटी आहे, बारावीचं टेन्शन आहे. एका डॉक्टरांनी तर सांगितलं, "लग्न करून द्या, आपोआप भरेल अंगाने," आणि मला तेव्हा बरं वाटलं, कारण म्हणजे तो आजार नव्हता. माझं चुकलं असेल तर ते या आठ महिन्यांत. आजार माझ्यामुळे झाला नाही.

हे मी मनाच्या समाधानासाठी म्हणत नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसलंय की या आजारांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यात स्वभाव, वय, एखादा आजार, एखादा टोमणा, डाएट असं बरंच मिसळतं. किशोरवयीन मुलांसाठी आज जी उपचारपद्धत आधी सुचवली जाते ती लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात उभी राहिली. तिचा पायाच हा, की आईवडिलांना दोष द्यायचा नाही, मुलाला पुन्हा जेवतं करायची जबाबदारी त्यांच्याच हातात द्यायची. जे आजाराचं कारण आहेत त्यांच्या हाती कुणी उपचार देईल का?

९. नातेवाईकांना काय सांगायचं? प्रत्येक कार्यात 'किती वाळलीस गं' सुरू होतं.

जवळच्या दोन-तीन माणसांना खरं सांगा, म्हणजे तुम्हाला एकटं पडायला होणार नाही. बाकीच्यांना 'तब्येतीचं आहे, डॉक्टर चालू आहेत' एवढं पुरे. खोटं कारण मात्र सांगू नका. मूल ते ऐकत असतं आणि आपला आजार लाज वाटण्यासारखा आहे हे त्यातून शिकतं.

कार्याच्या आधी यजमानीणबाईंना फोन करा: "तिला आग्रह करू नका आणि अंगावरून काही बोलू नका, एवढं माझ्यासाठी करा." आम्ही हे हळदीकुंकवाच्या आधी केलं, बायकांनी ते पाळलं. आग्रह हे आपल्याकडे प्रेम असतं, त्यामुळे त्याबद्दल रागावून बोलू नका, समजावून बोला. कुणी ऐकतच नसेल तर ते कार्य या वर्षी सोडा.

१०. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलं की कायमचा शिक्का बसतो ना? कॉलेजला, ऑफिसला कळेल?

तुम्ही सांगितल्याशिवाय कळायला नको. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका टाळण्यासाठी किंवा न्यायालयाच्या आदेशाने, असे मोजके अपवाद आहेत. ओळखीचं कुणी ओपीडीबाहेर भेटेल ही भीती मात्र खरी आहे, मलाही होती. पहिल्या दिवशी मी तोंडाला ओढणी बांधून बसले होते. शेजारी बसलेल्या बाईंनीही बांधली होती.

११. पुण्यात सुरुवात कुठून करायची? खर्चाचं काय?

आधी फॅमिली डॉक्टर. नाडी, बसून आणि उभं राहून रक्तदाब, रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस, ईसीजी हे तपासायला सांगा. मग मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक आणि आहारतज्ज्ञ, शक्यतो एकमेकांशी बोलणारे. वेळ घेतानाच विचारा, "खाण्याच्या विकाराचे रुग्ण तुम्ही बघता का?" खासगी परवडत नसेल तर स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. कुठे जायचं तेच सुचत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा मोफत नंबर आहे. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, उलटीत रक्त, कित्येक दिवस जवळजवळ काही न खाणं, जीव नकोसा झाल्याचं बोलणं, यांपैकी काहीही असेल तर ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या. बरेच दिवस उपाशी असलेल्या मुलाला घरच्या घरी एकदम तुपाचे लाडू आणि भरपेट जेवण सुरू करू नका. अशा वेळी रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकतं. जेवण किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर सांगतील.

विम्याबद्दल: मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या (प्रश्न १०) कलम २१ मध्ये मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्यावा असं म्हटलंय. दावा नाकारला तर कारण लेखी मागा.

१२. मी जेवल्यावर उलटी करते. तीन वर्षं झाली, कुणालाच माहीत नाही. बाहेरून मी नॉर्मल दिसते.

तू हे लिहिलंस म्हणजे आता एका माणसाला माहीत आहे. उलट्यांनी पोटॅशियम कमी होतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो, दिसायला कितीही नॉर्मल असलीस तरी. म्हणून या आठवड्यात रक्त तपासून घे. दातांच्या डॉक्टरांना खरं कारण सांग, आम्लाने दातांचं वरचं कवच झिजतं आणि ते त्यांना बहुतेकदा दिसतंच. उलटीनंतर लगेच ब्रश करू नकोस, नुसत्या पाण्याने चूळ भर. हे सगळं तुझी किळस न करता ऐकणारी माणसं आहेत. तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर लिही आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेव. आमच्यातल्या दोघींनी तसंच केलं होतं.

१३. कॉट बेसिसवर राहतो. रूममेटचा मेसचा डबा तसाच परत जातो. तिला बोललं तर राग येईल का?

येईल कदाचित. तरी बोला, पण जेवणाच्या वेळी नको आणि वजनाबद्दल नको. "तू हल्ली गप्प असतेस, अभ्यासिकेत चक्कर आली होती, मला काळजी वाटते," असं जे दिसलं ते सांगा. पाळत ठेवू नका, मेसमध्ये चर्चा करू नका. ऐकलं नाही तर घरच्यांपैकी एकाला किंवा कॉलेजच्या समुपदेशकांना सांगा. ती चुगली होत नाही. धोक्याची लक्षणं प्रश्न ११ मध्ये आहेत. ती दिसली तर तिला विचारत बसू नका.

१४. मुलगा नऊ वर्षांचा आहे, फक्त दहीभात आणि बटाटा खातो. जाड होण्याची भीती वगैरे काही नाही. हेही यातच येतं?

येऊ शकतं. वास, पोत किंवा घशात अडकण्याची भीती यामुळे खाणं इतकं आकसतं की वाढ खुंटते, अशा आजाराला एआरएफआयडी म्हणतात. बालरोगतज्ज्ञांना वाढीचा तक्ता दाखवा. वाढ नीट असेल तर साधे नखरेही असू शकतील, पण ते त्यांनाच ठरवू द्या.

१५. मुलगी २१ वर्षांची आहे, उपचार नको म्हणते. जबरदस्तीने दाखल करता येतं का?

सज्ञान माणसाची संमती लागते. मात्र तिच्या जिवाला धोका असेल तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ८९ नुसार, तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (म्हणजे तिने नेमलेल्या, नाहीतर कायद्याने ठरणाऱ्या माणसाच्या) अर्जावर आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर, तिला आधी जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येतं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी नियम वेगळे आहेत, त्यात घरच्या माणसाला सोबत राहावं लागतं. हा शेवटचा रस्ता ठेवा. बऱ्याच मुली मानसोपचाराला नाही म्हणतात, पण 'चक्कर येते ना, तेवढी रक्ततपासणी करू' याला हो म्हणतात. तिथून सुरुवात करा, आणि तपासणीला कुठे नेताय ते खरं सांगूनच न्या.

१६. आता स्थळं बघतोय. हे सांगायचं की लपवायचं?

इथे आमच्या गटातच दोन मतं आहेत, त्यामुळे मी माझं सांगते. पत्रिकेबरोबर सांगायची गरज नाही. कांदेपोह्यांच्या दिवशीही नाही. पण दोघांनी ठरवायच्या आधी, साखरपुड्याच्या आत, मुलीने स्वतः मुलाला सांगावं, आईवडिलांनी त्याच्या आईवडिलांना नव्हे. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची बाब फसवून लपवली या कारणावरून लग्न रद्द करायला न्यायालयात जाता येतं. आजार चालू असेल तर तुमच्या बाबतीत काय लागू होईल ते वकिलांना विचारा. मला त्याहून मोठी काळजी दुसरी वाटते. नव्या घरात पहिल्या महिन्यात सणवार, आग्रह, सगळ्यांच्या नजरा तिच्या ताटावर, आणि त्या घरात खरं माहीत असलेलं एकही माणूस नाही. आजार परत येतो तो अशाच वेळी. सांगितल्यावर स्थळ मोडलं तर वाईट वाटेल. आमच्याकडे एका मुलीचं मोडलं. दुसऱ्या मुलाने विचारलं, "मग जेवताना मी काय करू आणि काय करू नको?" त्यांच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो.

१७. मुलगी आता बरी आहे. 'छान दिसतेस, भरलीस' म्हटलं तर तोंड उतरतं. मग बोलायचं तरी काय?

'भरलीस' हा शब्द तुम्ही प्रेमाने म्हणता, तिच्या आजाराला तो 'जाड झालीस' असा ऐकू येतो. 'बारीक झालीस' तर त्याहून वाईट. अंगाचा विषय काही वर्षं बाजूलाच ठेवा, इतर कुणाच्या अंगाबद्दलही तिच्यासमोर बोलू नका, टीव्हीवरच्या बाईबद्दलही नाही. आवाज मोकळा झालाय, हसतेस, परत भांडायला लागलीस, असं काही म्हणा. पुन्हा डबे परत येऊ लागले किंवा नवे उपास सुरू झाले (प्रश्न ४) तर आठ महिने थांबू नका, आठ दिवसही नको.

माझी मुलगी यंदा गणपतीत उकडीचे मोदक करत होती. एक कळी फाटली, सारण बाहेर आलं. "हा देवाला नाही चालणार," म्हणाली, आणि तिथेच ओट्याशी उभ्याउभ्या खाऊन टाकला. मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले. काही बोलले नाही.